बिनकंठाची पाखरं

रोज सकाळी माळ्यावर चढण्याआधी गंगीबाई गोफणीचे दगड निवडत बसायची. तापीच्या पात्रातून टोपलीभर आणलेले ते दगड ती एकेक करून तळहातावर फिरवी. कडा लागली की दगड बांधाकडे फेकून देई, गोल निघाला की ओच्यात टाकी. धारेचा दगड लागला तर पाखरू मरतं. गोल दगड नुसता जवळून गेला तरी ते उडतं, आणि आपल्याला दाणे मिळतात ते पाखरं उडवायचे, मारायचे नाहीत, असं तिचं म्हणणं. विहिरीवर मोट हाकणारा दोधू बैल जुंपता जुंपता तिला चिडवायचा.

"काय गंगीबई, तांदूय निवडी ऱ्हायनी का?"

ती वर न बघता म्हणायची, "हा. जेवाले ये तू."

सारंगखेड्याच्या शिवारात हिंमतराव आप्पांचं हे वावर. काळी जमीन, मधोमध दगडी बांधणीची जुनी विहीर, आणि हिवाळ्यात नजर पोचेल तिथपर्यंत दादर. दादर म्हणजे इकडची रब्बीची ज्वारी. दसऱ्याच्या आगेमागे पेरतात, पौष-माघात कणसं भरतात. कणसं भरली की आकाशातून पाखरं उतरतात, आणि ती उतरू नयेत म्हणून वावरात चार खांबांच्या माळ्यावर कुणीतरी दिवसभर उभं राहावं लागतं. आप्पांच्या वावरात ते कुणीतरी म्हणजे गंगीबाई.

ती इथली नव्हती. नवापूरकडच्या डोंगरातून नवऱ्याबरोबर, बारक्याबरोबर, मजुरीला आली होती. माळ्यावर तेव्हा बारक्या उभा राहायचा आणि गंगी निंदणीला जायची. मानमोडीच्या साथीत, एकोणीसशे अठरा साली, बारक्या चार दिवसांच्या तापात गेला. दादर कमरेएवढी वाढलेली होती. माहेरची माणसं तिला न्यायला आली, तेव्हा तिने एवढंच विचारलं की मग राखण कोण करणार. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच माळ्यावर चढली. तो हंगाम निघाला, मग पुढचा निघाला, आणि बाई राखण करते याचं लोकांना वाटायचं ते नवल हळूहळू ओसरलं.

त्या शिवारात राखणीची एक रीत होती. पोपटाच्या, म्हणजे राघूच्या गळ्याला काळीगुलाबी रेघ उमटते, तिला कंठ म्हणतात. ज्या राघूला कंठ आलेला नाही त्याच्यावर गोफण चालवायची नाही. कंठ नाही म्हणजे पिल्लू. मादीला कंठ कधीच येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी रीत तशीच होती, आणि त्यामुळे पिल्लाबरोबर त्याची आईही सुटायची. बारक्याने गंगीला गोफण धरायला शिकवली तेव्हा आधी ही रीत सांगितली होती, मग गोफण हातात दिली होती.

एकोणीसशे तीस सालच्या सारंगखेड्याच्या यात्रेत एक घोडा बिथरला. मालकाच्या हातातला लगाम तोडून तो बाजारातून उधळला आणि सुरतेकडून आलेल्या एका पाखरंवाल्याच्या पिंजऱ्यांवरून गेला. माणसं वाचली, पिंजरे मोडले. गंगीबाई यात्रेला गेली नव्हती. तिला ही हकीकत दोन दिवसांनी कळली, आणि नंतर विहिरीत दिसलेल्या पाखरांशी तिचा काही संबंध असेल हे तर तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

विहिरीतली पाखरं आधी दिसली दोधूला. सकाळची पहिली मोट ओतून तो ओरडला.

"गंगीबई! आठे ये, देख. गुलाल लायेल पाखरे उनात इहीरमा!"

ती गेली. विहिरीच्या पूर्वेकडच्या भिंतीत दगडांच्या फटी होत्या. त्यांच्या तोंडाशी नऊ पाखरं ऊन खात बसली होती. चिमणीपेक्षा थोडी मोठी, अंग हिरवंगार, चोच पोपटासारखी बाकदार. तोंडाला मात्र कुणीतरी गुलाल चोळल्यासारखा रंग, आणि एखादं वळून बसलं की शेपटाच्या वर निळी चकती दिसायची. मोटेचं चाक करकरलं तशी ती सगळी एकदम आत गेली, आणि चाक थांबल्यावर एकेक तोंड पुन्हा बाहेर आलं.

आप्पा येऊन वाकून बघू लागले. हिंमतराव आप्पा म्हणजे शिवारातला शब्दाचा माणूस. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला.

"राघूना पिल्ले शेतस ह्या. कंठ कोठे शे त्यास्ले?"

"तोंड लाल शे आप्पा," दोधू म्हणाला.

"मिरच्या खाल्ल्यात व्हतीन. वाढतीन तशा रंग उडी जाई. कोनीच गोफन मारानी नही."

आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. चावडीवर जाऊन त्यांनी सांगितलं की माझ्या विहिरीत राघूची पिल्लं उतरली आहेत, आईबाप दिसत नाहीत, कुणी दगड उचलायचा नाही. शेजारच्या वावरवाल्यांनीही मान डोलावली. रीत सगळ्यांचीच होती.

त्या वर्षभरात गंगीबाईने त्या पाखरांना जितकं पाहिलं तितकं कुणी पाहिलं नसेल. ती नेहमी जोडीजोडीने बसत. थारोळ्याच्या, म्हणजे मोट जिथे रिकामी होते त्या दगडी कुंडाच्या काठावर, पाणी पीत आणि मगच रानात जात. ऊन भिंतीवर आलं की निघत, ऊन भिंतीवरून गेलं की परतत. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिने एक नवल पाहिलं. त्यांतली एक मादी विहिरीजवळच्या शिंदीच्या पानाची चोचीने लांब, सरळ पट्टी कापत होती. पट्टी कापून झाली की मान वळवून ती शेपटाच्या वरच्या पिसांत खोचायची. मग दुसरी पट्टी, मग तिसरी. अशा पाचसहा पट्ट्या पाठीशी खोचून ती उडाली आणि भिंतीतल्या फटीत शिरली. दोन पट्ट्या वाटेत गळल्या. ती पुन्हा आली आणि पुन्हा कापू लागली.

गंगीबाई माळ्यावर उभी होती, गोफण हातात तशीच राहिली. कमरेला विळा आणि फडकं खोचून डोंगर उतरणाऱ्या बायका तिला आठवल्या. त्यांतली एक ती स्वतःच होती. या पाखरांना इथे कुणी बोलावलं नव्हतं. आली होती, आणि कामाला लागली होती.

पावसाळ्यानंतर विहिरीत वीसेक पाखरं झाली. सगळी तेवढीच, तशीच. कंठ एकालाही नाही.

पुढल्या यात्रेला तो पाखरंवाला पुन्हा आला. कुणीतरी त्याला आप्पांच्या विहिरीतल्या पिल्लांची गोष्ट सांगितली, आणि तो दुसऱ्याच दिवशी हसत हसत वावरात येऊन उभा राहिला. त्याच्याबरोबर गावातली दहाबारा माणसंही आली, कारण यात्रेत फुकटची करमणूक कुणाला नको असते? त्याने विहिरीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे आप्पा! आ बच्चां नथी. पूरां मोटां छे. आफ्रिकेहून बोटीने मुंबईला येतात. साहेब लोक लव्हबर्ड म्हणतात. यांना कंठ येत नाही, कधीच येणार नाही!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मंग आप्पा, तुमना पिल्लेस्नं बारसं कव्हय शे?"

हसण्याची जी लाट उठली ती बांधापर्यंत गेली. आप्पांचा चेहरा पाखरांच्या तोंडासारखा झाला. वर्षभर ज्यांना आपण चावडीवर पिल्लं म्हणून मिरवलं, त्या पाखरांचं बिऱ्हाड वाढलं होतं आणि ते आपल्याच दादरवर पोसलं जात होतं. ते पाखरंवाल्याला म्हणाले, "तुन्हा शेतस ना? ली जा. आत्तेच्या आत्ते ली जा."

पाखरंवाल्याने पिशवीतून जाळं काढलं. विहिरीच्या तोंडावर ते ताणायचं आणि आतून धूर द्यायचा, असा त्याचा बेत होता.

गंगीबाई माळ्यावरून उतरली. ती उतरत असताना लोकांनी वाट केली, कारण कामाच्या वेळेला माळा सोडलेला तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"कितला व्हतात तुन्हा?" तिने पाखरंवाल्याला विचारलं.

"नऊ."

"मंग नऊ वळखी ले. बाकीना ह्या इहीरमा जनमेल शेतस. त्या तुन्हा नहीत."

पाखरंवाल्याने विहिरीत पाहिलं. वीस तोंडं, सगळी गुलाबी. त्याने डोकं खाजवलं. लोक पुन्हा हसले, पण या वेळी हसणं दुसऱ्या बाजूला वळलं होतं. तो माणूस वाईट नव्हता. धंद्यात मुरलेला होता आणि आपली हार कुठे आहे हे त्याला कळत होतं. त्याने जाळं गुंडाळलं आणि म्हणाला, "मावशी, वकील व्हायला पाहिजे होतीस."

आप्पा मात्र हसले नाहीत.

"गंगी, रीत पिल्लेस्नी शे. ह्या पिल्ले नहीत. उद्यापाईन गोफन चालव."

"रीत कंठनी शे आप्पा," ती म्हणाली. "कंठ फुटू द्या. पयली गोफन मी मारसू."

दहाबारा माणसांसमोर तिने आप्पांना असं उत्तर दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, दादरकडे पाहिलं. रीत तिने बरोबर सांगितली होती आणि ती मोडायची तर सगळ्या गावासमोर मोडावी लागली असती. त्यांनी दुसरी वाट काढली.

"यंदा व्हई गयं ते व्हई गयं. पुढला साली दादरले यास्नी चोच लागनी, ते इहीरना बठा भोकास्मा चुना भरी देसू. मंजूर शे?"

"मंजूर शे. पन गोफन नही मारसू."

"मंग काय गाना म्हनी हाकलशी?"

"म्हनसू," गंगीबाई म्हणाली आणि माळ्यावर परत चढली.

त्या हिवाळ्यात ओरडून ओरडून तिचा आवाज बसला. मोठ्या राघूंवर, कावळ्यांवर गोफण चालायची. या लहानांसाठी नुसता घसा. विहिरीकडच्या चार ओळी तरी त्यांनी पार सोलल्या. नुसतं हाकलून हे जमणार नाही, हे तिला माघ संपायच्या आत कळून चुकलं. पाखराला भूक आहे तोवर ते येणार; तेव्हा त्याच्यापुढे दुसरं काहीतरी ठेवलं पाहिजे. तिच्या डोंगरात राळा पिकायचा. बुटकं झाड, कोल्ह्याच्या शेपटीसारखं झुपकेदार कणीस, आणि दाणा इतका बारीक की लहान चोचीला सोपा. दादरचं ताट पुरुषभर उंच. जवळ पाणी आणि पुढ्यात राळा असेल तर ही पाखरं तिकडे कशाला जातील?

तिने माहेराहून बी मागवलं आणि आषाढात बांधावर पेरलं. आप्पांनी हरकत घेतली नाही. राळा सुरेख आला. भाद्रपदात कणसं झुकली आणि पाखरं त्यांवर येऊन बसली. गंगीबाईला इतका आनंद झाला की तिने दोधूला हाताला धरून आणून दाखवलं.

दोधूने डोळे बारीक करून पाहिलं. "चांगलं शे," तो म्हणाला. "पन गंगीबई, दादर आजून पेरेल बी नही."

ती बांधावर बसली. तिच्या डोंगरात पेरणी एकच, पावसाची. पाऊस आला की बी मातीत टाकायचं, एवढंच तिने लहानपणापासून पाहिलं होतं. सपाटीवर तिने इतकी वर्षं लोकांच्या दादरची राखण केली होती, पण स्वतः कधी काही पेरलं नव्हतं. त्यामुळे हात डोंगराच्या वेळेनेच चालले. दसरा येईपर्यंत बांधावर नुसतं काड उरलं. दादर पेरली गेली, आणि तिच्याकडे मूठभरही बी नव्हतं.

कापूस वेचायला नवापूरकडून आलेल्या बायकांकडे तिने निरोप पाठवला. आठव्या दिवशी तिचा धाकटा भाऊ पौलस आला. मिशनच्या शाळेत शिकताना तो ख्रिस्ती झाला होता, आणि घरातला वाचता येणारा पहिला माणूस होता. नवापूरहून नंदुरबारपर्यंत आगगाडीने आणि तिथून पुढे पायी. खांद्यावर फडक्यात बांधलेली राळ्याची कणसं होती, चुलीवर टांगून धुराने काळी पडलेली.

"यातलं अर्धं माझ्या पेरणीचं आहे," तो घरच्या बोलीत म्हणाला. "पण बाय, एक सांग. पाखरं कुणाची?"

"कुणाची नाहीत."

"वावर कुणाचं?"

"आप्पांचं."

"मग तुझं काय अडलंय?"

"बोलून बसले मी."

"मग जमत नाही म्हणून सांग."

"ते नाही येत मला."

पौलस हसला. "लहानपणापासून येत नाही. आई म्हणायची, या पोरीला सासरी मार बसेल." मग तो गंभीर झाला. "घरी चल. तिथेही पाखरं आहेत."

"तिथल्यांना कुणी चुना लावत नाही," गंगीबाई म्हणाली आणि कणसं सोडून बी चोळायला बसली.

आता पावसाचा भरवसा नव्हता. राळ्याला पाणी लागणार, आणि पाणी होतं ते मोटेच्या पाटाला. थारोळ्यापासून निघणाऱ्या पाटाच्या काठची जमीन म्हणजे जमनाबाईंचे वाफे. जमनाबाई आप्पांच्या पत्नी. त्या वाफ्यांत त्यांचा लसूण, मेथी, कोथिंबीर. आप्पांचा हुकूमही त्या वाफ्यांच्या कडेशी थांबत असे.

गंगीबाई गेली तेव्हा त्या लसणाच्या पाकळ्या सोलत होत्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी हात थांबवला.

"माय वो! पाखरेसकरता मन्हा वाफा मांगाले उनी तू? उद्या म्हनशी, चुल्हा बी द्या."

"चुल्हा नको माय. चार हात जमीन द्या. पाटनं पानी जाईच ऱ्हायनं तठेथून."

"आनि लसून कोठे लावू? आप्पाना डोकावर?"

गंगीबाई हसली नाही. ती तिथेच ओट्याखाली बसून लसूण सोलू लागली. निम्मी टोपली झाली तरी उठली नाही. शेवटी जमनाबाईच म्हणाल्या, "ऊठ. अर्धा वाफा घे. पन भाजीमा लसून कमी पडना ते आप्पाले तू सांगशी, मी नही सांगाव."

बी मातीत गेलं. दोधू रोज मोट सोडण्याआधी एक जादा मोट ओतू लागला आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, बैलांना व्यायाम पाहिजे. राळा उगवला, वाढला. पण पौषात थंडीची लाट आली, चार दिवस आभाळ राहिलं, आणि राळ्याचं फुलणं लांबलं. इकडे दादरच्या कणसात दूध भरलं. राळा पिकायला अजून पंधरा दिवस होते, आणि ते पंधरा दिवस तिला अंगावरच काढायचे होते.

तिने गोणपाट भिजवलं. ओलं गोणपाट झटकलं की फाडकन आवाज होतो आणि पाखराला लागत काही नाही. पाखरं थारोळ्यावर पाणी पिऊन उठली की ती त्यांच्यात आणि दादरमध्ये येऊन उभी राहायची आणि गोणपाट झटकायची. ती वळसा घालून गेली की हीही वळसा घालायची. माळ्यावर दुसऱ्या पाखरांसाठी मध्येच चढायचं, पुन्हा उतरायचं. हातांची कातडी थंड पाण्याने फाटली. वावराच्या कडेने तिच्या पावलांची वाट पडली. दोधूने ती वाट पाहिली आणि चिडवायला तोंड उघडलं, मग मिटलं. दुपारी जमनाबाई भाकर पाठवायच्या. कधीकधी ती संध्याकाळी तशीच फडक्यात परत जायची, तेव्हा जमनाबाई स्वतः आल्या आणि समोर बसून म्हणाल्या, "खा. तू पडनी ते मन्हा अर्धा वाफा वाया जाई." गंगीबाईने खाल्लं.

अकराव्या दिवशी आभाळ होतं. ऊन नाही म्हणून पाखरं उशिरा निघाली, आणि गंगीबाई वाट बघत बांधावर टेकली. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. जागी झाली तेव्हा कोपऱ्यातल्या ताटांवर पाचसहा हिरव्या पाठी दिसत होत्या. ती धावली.

सोळाव्या दिवशी सकाळी पाखरं थारोळ्यावर उतरली. पाणी प्याली. गंगीबाई गोणपाट धरून उभी होती. एक जोडी उडाली आणि पाटाच्या काठी राळ्याच्या कणसावर बसली. कणीस वाकलं. दुसरी जोडी आली, मग सगळीच आली. गंगीबाईने गोणपाट खाली ठेवलं, पण तिथून ती हलली नाही. ऊन भिंतीवरून जाईपर्यंत तशीच उभी राहिली.

दादर कापणीला आली त्या दिवशी आप्पा पहाटेच वावरात आले. ते बांधाबांधाने चालले, ओळीओळीत शिरले. गंगीबाई चार पावलं मागे. दक्षिणेच्या कोपऱ्यात कणसं मोडून पडलेली होती. आप्पा खाली बसले. मोडलेलं कणीस उचलून त्यांनी देठ पाहिला, तिरका कापलेला. अर्धे दाणे तसेच वाया गेलेले.

"हाई मोठलास्नं काम शे," ते म्हणाले. "कंठवालास्नं."

"हा. त्यास्ले मारी मी गोफन."

लहान पाखरं कणीस तोडत नाहीत. जागेवर बसून दाणा सोलतात आणि खाली पांढरा भुसा पडतो. आप्पांनी विहिरीकडच्या सगळ्या ओळींची बुडं पाहिली. भुसा नव्हता. ते उठले, गुडघे झटकले.

"म्हंजे यास्नी एक बी कनीस नही खादं?"

तिला नाही म्हणता आलं असतं. अकराव्या दिवसाचा तो कोपरा आप्पांनी अजून पाहिला नव्हता.

"दोन खादात," गंगीबाई म्हणाली. "त्या कोपरामा. आभाय व्हतं त्या दिन. डोया लागना मन्हा."

दोधू विहिरीवर बैल थांबवून ऐकत होता. पाटाच्या काठी जमनाबाई मेथी खुडायच्या निमित्ताने उभ्या होत्या. आप्पा त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले, ती दोन सोललेली कणसं त्यांनी हातात धरली, फिरवून पाहिली आणि काखेत मारली.

"दोन कनसं ते मन्ही बायको बी मोडी लयी जास," ते म्हणाले. "विय्या घ्या रे. कापाले लागा."

चुना त्या वर्षी आला नाही. पुढच्याही नाही. दर वर्षी दसरा झाला की गंगीबाई त्या अर्ध्या वाफ्यात राळा पेरायची, आणि पौलसचं बी तिने दुपटीने परत केलं. पाखरंवाला यात्रेला आला की अजून एक चक्कर विहिरीकडे मारायचा, वाकून बघायचा आणि कुणी विचारलं तर सांगायचा की माझे नऊ बघायला आलो होतो. थंडी कडक पडली त्या वर्षी पाखरं कमी झाली, पुन्हा वाढली. शेजारच्या वावरातले राखणदारही आता या पाखरांना तीच रीत लावत: कंठ नाही, गोफण नाही.

एकोणीसशे त्रेचाळीसच्या पावसाळ्यात विहिरीच्या पूर्वेकडच्या भिंतीचे दगड सुटले. मोटेची धाव, म्हणजे बैलांची ये-जा करायची उतरण, त्याच बाजूला होती. भिंत बसली असती तर बैलांसकट सगळं खाली गेलं असतं. गवंड्याने पाहणी केली आणि सांगितलं की सगळ्या फटी बुजवून एकसंध भिंत घ्यावी लागेल. आप्पा आता काठी टेकत चालायचे. ते गवंड्याला हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. काठी टेकत ते गंगीबाईच्या झोपडीकडे गेले.

ती पंधरा दिवस तापाने अंथरुणावर होती. पाय सुजले होते, आवाज खोल गेला होता. आप्पा दारातल्या दगडावर बसले आणि त्यांनी भिंतीची गोष्ट सांगितली.

"सगया बुजू नका," ती म्हणाली.

"भिंत बसी जाई गंगी. बैल शेतस वर."

ती डोळे मिटून पडली. आप्पांना वाटलं, झोप लागली. पण ती भिंत डोळ्यांपुढे आणत होती. मग सावकाश सांगू लागली. खालच्या फटी बुजवा, तिथे धामण शिरते म्हणून पाखरं कधीची सोडून गेली आहेत. धावेच्या बाजूच्याही बुजवा. काठापासून दोन हात खाली जी ओळ आहे तेवढी ठेवा. तिच्यावर लांब दगड आडवा बसवा, दारावर बसवतात तसा. म्हणजे भार दगडावर जाईल, फटीवर येणार नाही.

आप्पांनी काठीने जमिनीवर रेघा ओढल्या. ओळ, वर आडवा दगड.

"लांब दगड शे मन्हापा," ते म्हणाले. "गोठाना उंबरा. जुना शे, पन पक्का शे."

"चाली."

"मंग तसंच करसूत."

ते उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी गंगीबाई गेली. पौलस पोचला तेव्हा गवंडी उंबऱ्याचा दगड भिंतीत बसवत होता आणि आप्पा काठावर उभे राहून त्याच्यावर ओरडत होते. ती जाण्याच्या आदल्या संध्याकाळी, भिंतीचं ठरवून आप्पा दारातून निघत होते तेव्हा, तिने मागून हाक मारली होती. ते थांबले.

"गवंडीले सकायमाच बलावजा," ती म्हणाली. "ऊन चढनं का चुना तडकी जास."